सत्तावीस नंबरची झाकणी

हे माझ्यासमोर घडलं. कोणी हसलं तरी यातला एक शब्द बदलणार नाही.

१२ एप्रिल १९६३. अकोल्याजवळचं एक लहान टेलिफोन एक्सचेंज. भर दुपार.

चाळीस फोन, आणि ऑपरेटर मी एकटा. कोणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं, की माझ्यापुढच्या बोर्डावर त्याच्या नंबरची पत्र्याची झाकणी खट्कन पडायची. आधी पडेल ती आधी घ्यायची, हा नियम.

आदल्या वर्षी याच तारखेला सगळ्या झाकण्या एकदम पडल्या होत्या.

मी ओळीनं घेत गेलो. पहिल्या सव्वीस तारांपैकी एकीवरही माणूस नव्हता...

सत्ताविसावी माझ्या बायकोच्या, पार्बताच्या, माहेरगावातल्या दवाखान्याची होती. पार्बता तिथं बाळंतपणात अडली होती. सुईण गोदाबाई डॉक्टर मागत होती. मी त्या झाकणीपर्यंत पोचलो, तोवर सगळं संपलं होतं.

घरी पार्बता टोमणा मारायची, "तुमाले दोनदा हाक मारल्याबिगर आयकू येत नाई."

तर त्या दुपारी... बाहेरचे कावळे एकदम गप्प झाले.

खट्.

मग चाळीसच्या चाळीस.

लाइनमन शालिकराम दारातून ओरडला, "भाऊ, चाला बाहीर! हे काई बराबर नाई."

"तू जाय. मी नाई उठत."

नियम गेला खड्ड्यात. एकही फोन न घेता मी सगळ्या झाकण्या वर लोटल्या.

"मानूस असंन तर आणिक फिरवंन," मी बोर्डाला म्हणालो. "बाकीच्याईले मी भेत नाई."



एकच पडली. सत्तावीस.

"भाऊ, डॉक्टर धाडा! बाई अडली हाये!"

गोदाबाई. लगेच जोडून दिलं. डॉक्टरांची जीप वेळेत पोचली. मायलेकरू वाचलं.

संध्याकाळी गोदाबाईचा फोन आला. मी म्हणालो, "दुसऱ्यांदा फिरवलं, बरं केलं."



"म्या नसतं फिरवलं, भाऊ. बाजीवरची अडलेली बाई बोलली. तिले तं सुदच नोती. डोये मिटूनच म्हने... आणिक फिरवा. त्याईले दोनदा हाक मारल्याबिगर आयकू येत नाई."

घरातलं ते बोलणं मी बाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुढं बदली मिळत होती. घेतली नाही. बारा एप्रिलला रजाही घेत नाही. रिकाम्या तारांवर कोण होतं, कळलं नाही. येऊ द्या त्यांना.

सत्तावीस मी आता पहिल्याच हाकेला घेतो. तरी बोलणं संपल्यावर कधी कधी ती झाकणी आणखी एकदा पडते...

पलीकडे कोणी बोलत नाही.

मी मात्र ओ देतो.