नवनाथनं धरलेली सीट

"अंतरा, दार लोट आधी. वरद, तो मोबाइल ठेव बाजूला. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा," अप्पा म्हणाले आणि सुरू झाले.

भिवपुरीचा नवनाथ अप्पांच्या चांगल्या ओळखीचा. खालापूरकडे ते छपराचं सायकल स्टेडियम झालंय, तिथं तो कामाला. आत लाकडी ट्रॅक, वळणावर भिंतीसारखा चढलेला. मधल्या मोकळ्या जागेत गाण्याचे कार्यक्रम होतात. शर्यतीच्या या सायकलींना ब्रेक नसतो, पाय पेडलला बांधलेले. म्हणून सुटताना आणि थांबताना कुणाला तरी मागून सीट धरावी लागते. ते काम नवनाथचं. नियम एकच. वर बसलेला 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर पोरगं आपटलंच. नवनाथच्या हातून कधी कुणी पडलं नव्हतं, आणि ते तो चारचौघांत सांगायचाही!

गेल्या पौष अमावास्येला तिथं मोठा कार्यक्रम झाला. रात्री साडेबाराला गर्दी पांगली. लाकडावर काही सांडलं असेल तर पुसून घे, एवढं सांगून मॅनेजर गेला. नवनाथनं घरी बायकोला फोन लावला.

"रूपाली, आलोच गं. फडकं मारतो नि निघतो."

तो पुसत होता, तेवढ्यात वरच्या वळणावर घरघर झाली. लाकडावरून चाक गेल्यासारखी.

"कोन हाय रं? ट्रॅक बंद झालाय!"

फडकं टाकून तो उठला.

एकच सायकल. वर बसलेल्याची मान खाली. फेरी मारून तो जवळ आला... वेग कमी झाला... तोल जायला लागला...

नवनाथचा हात आपसूक पुढे गेला. जित्याची खोड, दुसरं काय! त्यानं सीट धरली.

गार.

त्यानं वर बघितलं. हेल्मेट होतं. आत...



"आत काय, अप्पा?" वरद कुजबुजला.

"काहीच नव्हतं रे."

नवनाथला पळायचं होतं. मूठ उघडेना.

"सोड म्हन..." तो रडकुंडीला आला. "बाबा, सोड म्हन की रं..."



मग दिवे गेले.

सकाळी वाडीवरची कोंडी नावाची बाई झाडायला आली, तेव्हा तो तिथंच उभा होता. हात पुढे, मूठ आवळलेली. सायकल नव्हती.

कर्जतच्या डॉक्टरांनी तपासलं. हाड ठीक, नस ठीक. मूठ काही उघडली नाही. अप्पा स्वतः बघून आले, त्यांचा जीव तुटला. बिचारा डाव्या हातानं जेवतो.

रूपाली रात्री ती मूठ छातीशी घट्ट धरून झोपते. म्हणते, अंधार पडला की कुणीतरी ती ओढतं.

रोज थोडं जास्त.