अकरावी वाटी

इसवी सन २०५८ च्या मार्च महिन्यात मानवजातीने विस्मरणावर कायमचा विजय मिळवला. कोल्हापूरच्या अक्षर स्मृतिकेंद्राच्या संचालकांनी भर सभेत तशी घोषणाच केली, टाळ्या संपेपर्यंत ते थांबले, शाल उचलली, आणि ती ज्यांच्या खांद्यावर घालायची त्यांचे नाव त्यांना आठवेना. शेवटी "आपले हे" असा उल्लेख करून त्यांनी शाल-श्रीफळ उरकले.

'आपले हे' म्हणजे केंद्रातलेच मंदार केंजळे, वय त्रेसष्ट. त्यांना वाईट वाटले नाही. विसरले जाण्याचा त्यांना आठ महिन्यांचा सराव होता.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, शर्वरीला, मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण मेंदू काही धरून ठेवीना, म्हणून कानामागे केंद्राचे स्मृतिपूरक यंत्र बसवले. ते तीन वर्षे नीट चालले. मग गेल्या जुलैत एका संध्याकाळी केंजळे घरी आले, तर तिने दार उघडून विचारले, "अहो, कोण हवंय आपल्याला?" चौतीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना कधी 'अहो' म्हटले नव्हते. त्यांच्या आईची तेवढी एकच इच्छा अपुरी राहिली होती.

बाकी सगळे तिला आठवत होते. शाळेतल्या बाई, पहिल्या घरमालकाच्या कुत्र्याचे नाव, कुत्रा कुणाकुणाला चावला तेसुद्धा. फक्त नवरा गेला होता. केंद्राच्या मदतकक्षाने लेखी कळवले की, यंत्र रोज दुपारी रुग्ण झोपला की जागा मोकळी करते, मात्र वापरात नसलेल्या आठवणीच काढल्या जातात, तरी काळजी नसावी. केंजळ्यांनी ते पत्र दोनदा वाचले. तीस वर्षे ते सकाळी आठला जात आणि संध्याकाळी सातला येत. आपण वापरात नव्हतो, हे त्यांना पटण्यासारखे होते. तेव्हापासून ते स्वतःच्या घरात एक सज्जन गृहस्थ म्हणून राहत होते.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्यांची सहकारी अन्विता साळोखे सोळा रिकाम्या वाट्या घेऊन आली. आणखी एका रुग्णाची तक्रार होती: तो तबला विसरला होता.

"वाजवत नसेल," केंजळे म्हणाले.

"रोज चार तास वाजवायचा, सर. शेजाऱ्यांना विचारा."

दोष पडद्यावर सापडेनासा झाला की कँटीनच्या वाट्या मांडून यंत्राचे नाटक करायचे, ही त्यांच्या विभागाची जुनी रीत. यंत्रात आठवणींच्या लाखो खोल्या होत्या, पण काम करताना पत्ते धरायला हातकप्पे सोळाच. कुठल्या कप्प्यात केव्हा काय ठेवायचे, हे ठरवणारा संकलक केंजळ्यांनी लिहिला होता. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणे हे संकलकाचे काम. दुपारच्या झाडणीसाठी तो एक यादीही करून ठेवी: या कप्प्यात खोलीचा पत्ता आहे, त्या कप्प्यात नुसता आकडा. ज्या खोलीचा पत्ता ना कप्प्यात, ना पत्ते टिपून ठेवायच्या यंत्राच्या वहीत, ती खोली रिकामी केली जाई.

"खोली पाचशे चाळीस," अन्विता म्हणाली. "तिच्यात दिवसातून हजारदा जायचंय, आणि दर वेळी आतल्या खिडकीशी. तुमची नवी सुधारणा काय करते?"

"दारापासून पावलं मोजत बसत नाही. खिडकी बारा पावलं आत, म्हणून पाचशे बावन्न हाच आकडा हातात ठेवते. वहीतली नोंदही पुसते. हातातच आहे तर वहीत कशाला? वेळ वाचतो."

याच बचतीसाठी काल शाल मिळाली होती. अन्विताने ५५२ ची चिठ्ठी अकराव्या वाटीत टाकली, आणि दोघे पडद्यावरची संकलकाची यादी तपासायला वळले. तेवढ्यात कँटीनच्या मालनताई वाट्या गोळा करायला आल्या. ज्या चिठ्ठीवर खोलीच्या दाराचा नंबर असेल ती वाटी ठेवा, बाकीच्या न्या, असे अन्विताने त्यांना दारांची यादी देऊन बजावले होते. त्यांनी यादीवर बोट फिरवले आणि अकरावी वाटी उचलली.

"ती नको, मालनताई."

"का नको? पाचशे बावन्न नंबरचं दारच न्हाई तुमच्या यादीत. नुसता आकडा हाय," मालनताई म्हणाल्या आणि वाटी टबात बुडवून निघून गेल्या.

टेबलावर अकराव्या वाटीची जागा मोकळी राहिली.

"म्हणजे न वापरलेली आठवण जातच नाही, सर," अन्विता सावकाश म्हणाली. "तिचा पत्ता वहीत सुखरूप असतो. जाते ती, जी हातातून खाली ठेवलीच नाही."

केंजळ्यांनी शर्वरीच्या यंत्राची नोंद उघडायला सांगितली. जुलैतला तो दिवस. सुधारित संकलक त्यांनी सगळ्यांत आधी तिच्याच यंत्रात बसवला होता. अकरावा कप्पा, खिडकीचा आकडा, खोलीतला मजकूर: मंदार. हे मात्र त्यांनी दोनपेक्षा बऱ्याच जास्त वेळा वाचले.

परत मिळण्याचा प्रश्न नव्हता. खोली त्यानंतर रोज झाडली गेली होती आणि रोज भरली होती. झोपेतून उठल्यावर जो चेहरा पहिल्यांदा दिसे, त्याची नोंद पहिल्या रिकाम्या खोलीत, म्हणजे याच खोलीत जाई. आणि शर्वरीच्या हातातला पत्ता तोच राहिला होता. ती दिवसातून हजारदा त्याच खिडकीशी जात होती. आत कोण आहे, ते तिच्या हातात नव्हते.

आता केंजळ्यांना गेल्या आठ महिन्यांतल्या संध्याकाळींचा अर्थ कळला. ते घरी येत तेव्हा ती गॅलरीत उभी असे, आणि कधी इस्त्रीवाला पुन्हा येईल का म्हणून विचारी, कधी कुरियरची मुलगी. विचारताना डोळे भरून येत. ते त्याला आजार समजत होते. सकाळी कामाला येणारी मावशी एकला जाई, शर्वरी चारला उठे. केंजळे चारला घरी कधी नसत. रविवारी असत, पण तेव्हा ते स्वतः घोरत असत.

"दुरुस्ती तयार आहे," अन्विता म्हणाली. "खिडकीचा आकडाही यादीत धरला जाईल. पण आत्ता बसवली, तर काल जो कोणी आला असेल तो कायमचा राहील."

नोंदीत वीजमीटर तपासणारा होता.

"आजची झाडणी होऊ दे. चारनंतर मी फोन करतो, तेव्हा बसव."

"सर, खोली रिकामी झाली की हातातला शिळा पत्ता नियमाने पुसायचा असतो."

"पुसला, तर ती कुणाचीच वाट बघणार नाही."

अन्विताने कळफलकावरचा हात काढला. "आणि ठेवला, तरी तुम्ही परत येणार नाही. आज चार वाजता दिसलेले एक गृहस्थ येतील, एवढंच."

"चालेल," केंजळे म्हणाले.

साडेतीनला ते घरी पोहोचले आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसले. दुपारच्या उजेडात आपले घर कसे दिसते, हे त्यांना माहीत नव्हते. सांगण्यासारखे बरेच त्यांनी रस्ताभर जुळवून आणले होते.

चार वाजून पाच मिनिटांनी शर्वरीने डोळे उघडले. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि पाहतच राहिली. त्यांनी खिशातल्या खिशात फोनचे बटण दाबले. दोन मिनिटे गेली. आता उद्याच्या झाडणीची भीती नव्हती.

"किती वाट बघायला लावलीत," ती म्हणाली. डोळे भरले होते. चौतीस वर्षे त्या आवाजात होती, आणि त्यांतले एकही तिला ठाऊक नव्हते.

केंजळ्यांनी जुळवून आणलेल्यातले पहिले वाक्य बोलायला तोंड उघडले.

"ऐका ना," ती म्हणाली, "जरा बाजूला सरकता का? पंख्याचा वारा अडतोय."