पेशंटचा रिपोर्ट

टाकीत मासा होता, आणि तो तिथे असायला नको होता.

चिमी दारातच थबकली. किल्ली अजून कुलपातच लटकत होती. समोर काकांची खाऱ्या पाण्याची नवी काचेची टाकी होती आणि तिच्यात एक नारिंगी मासा अगदी वर, पाण्याबाहेर तोंड काढून भराभरा कल्ले हलवत होता.

"काका?"

पलंग नीट आवरलेला. पलंगाखाली चपला. न्हाणीघरात काकांचा ब्रश त्याच्या पेल्यात उभा होता. जन्मभर लोकांच्या दातांची काळजी वाहिलेला माणूस ब्रश न घेता प्रवासाला जातो?

काका म्हणजे निवृत्त दंतवैद्य. चिमीचे आईवडील गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, शिकवलं आणि "आता माझे दात मोजत बसू नकोस, नोकरी बघ" म्हणून हाकललं. ती नळपाणी खात्याच्या प्रयोगशाळेत लागली. म्हाताऱ्याने टाकीचा नाद घेतला तेव्हापासून रोज संध्याकाळी तिला मेसेज यायचा. मथळा ठरलेला: पेशंटचा रिपोर्ट. मग टाकीतल्या पाण्याचे आकडे आणि एखादा टवाळ शेरा. टाकीसमोर त्यांनी छोटा कॅमेराही लावला होता, म्हणजे तिला ऑफिसात बसून पाणी बघता यावं. त्यात काच आणि पाणी एवढंच दिसे.

गेले काही दिवस मेसेज येत होते, पण मथळा नव्हता, टवाळी नव्हती. आणि काल हा आला: 'अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. पाणी एकदम छान. मासा सोडला. उद्या मित्राबरोबर फिरायला जातोय. फोन लागणार नाही.'

तेव्हापासून दातात तूस अडकावं तसं तिला काहीतरी सलत होतं. फोन खरंच लागत नव्हता.

वर येताना ती खालच्या दवाखान्यावरून आली होती. तो दवाखाना काकांचाच. आता त्यांचा एक जुना विद्यार्थी तो चालवायचा. गाल सुजलेल्या एका बाईला तो सांगत होता, "एक्स-रेचं मशीन बिघडलंय. दुसरीकडून काढून आणा." त्याच्या पाठीमागे एक्स-रे खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. चिमीला पाहून तो हसला होता. "काका सकाळीच निघाले, ताई!"

चिमीने पोलिसांना फोन लावला.

*

इन्स्पेक्टर बाई आल्या. हाडापेराने मजबूत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी काकांच्या मुलालाही बोलावून घेतलं. दादा वेगळा राहायचा. तो आला तोच आवाज चढवून.

"बाबा गेले असतील कुठेतरी. मला सांगून कधी गेलेत?"

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"बरेच दिवस झाले. भांडण झालं होतं."

"कशावरून?"

दादाने मान फिरवली. "घरावरून. विका म्हटलं, नाही म्हणाले. बापलेकांत होतं तसं."

"घराची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"आहे. हिच्याकडे आहे, खालच्या डॉक्टरकडे आहे. बाबा किल्ल्या वाटत फिरायचे."

"आणि ही टाकी?"

"त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. हल्ली बाबांना दोनच विषय, ही टाकी आणि तो दवाखाना. दवाखान्याचं नाव काढलं की डोकं फिरायचं त्यांचं."

बाईंनी चिमीकडे पाहिलं. चिमी टाकीतलं पाणी तीन बारीक नळ्यांत भरत होती.

"माणूस हरवलाय आणि तुम्ही पाणी कसलं तपासताय?"

"काकांचा हात शेवटी याला लागला असेल, मॅडम. नवीन टाकीत लगेच मासे सोडत नाहीत. आधी कोळंबीचा एखादा तुकडा कुजवतात. त्यातून अमोनिया सुटतो. ते विष. मग जिवाणू वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बेताचं असलं तर चालतं. हे सगळं पार पडेपर्यंत रोज पाणी तपासायचं."

तिने थेंब टाकले, नळ्या हलवल्या आणि ओठ चावत थांबली. डबीवरचं रंगांचं कार्ड तिने बाईंच्या समोर धरलं.

"अमोनिया नसेल तर पहिली नळी पिवळी होते. असेल तर हिरवी."

नळी हिरवीगार झाली.

"नायट्राइट नसेल तर दुसरी फिकट निळी. असेल तर जांभळी."

ती वांग्यासारखी जांभळी झाली. तिसरी पिवळ्यावरून नारिंगीवर गेली, म्हणजे नायट्रेटही तयार व्हायला लागलं होतं. मग तिने खारेपणा मोजला. तो बराच जास्त निघाला. पाणी मात्र काचेवरच्या काळ्या रेघेला बरोबर टेकलेलं होतं, जराही कमी नाही. टाकीशेजारी दोन भांडी होती. मीठ कालवलेल्या पाण्याची बादली तळापर्यंत रिकामी. साध्या पाण्याचा कॅन गच्च भरलेला आणि झाकणावर धुळीचा थर.

चिमीने कॅनवरून बोट फिरवलं आणि त्या धुळीकडे बघत राहिली. आता तिला खरी भीती वाटली. काका आज सकाळी गेले नव्हते. ते कितीतरी दिवस या खोलीत नव्हते. मग एवढे दिवस ते होते कुठे? जिवंत होते का? आणि रोज इथे कोण येत होतं?

"कुठेतरी पाणी मुरतंय," इन्स्पेक्टर बाई पुटपुटल्या. त्यांची नजर दादावर होती.

*

तेवढ्यात खालचा डॉक्टर स्वतःच वर आला. पांढरा कोट, चेहऱ्यावर काळजी.

"काय झालं? पोलिसांची गाडी बघितली."

"काकांना शेवटचं कधी पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"आज सकाळी, बॅग घेऊन निघाले तेव्हा. काल संध्याकाळी तर मी इथेच होतो. माझ्यासमोर त्यांनी पाणी तपासलं."

चिमीने मान वर केली. "काय आलं, डॉक्टर?"

"सगळं शून्य. तिन्ही नळ्या अगदी नितळ, पिण्याच्या पाण्यासारख्या. खूश होते. म्हणाले, आता मासा सोडतो." मग त्याने आवाज खाली आणला. "सांगू नये, पण घरावरून बापलेकांचं फार वाजलं होतं. मी खालून ऐकलंय."

दादा त्याच्या अंगावर धावला. बाईंनी मध्ये हात घातला. "तुम्ही चला आमच्याबरोबर," त्या दादाला म्हणाल्या.

डॉक्टर तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा होता आणि त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. बोलावं तरी पंचाईत, गप्प बसावं तरी काकांचा जीव जातोय.

"दादाला नेऊ नका, मॅडम," ती म्हणाली. "आधी तुम्ही दारापाशी उभ्या राहा. मग सांगते."

बाईंनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता दार अडवलं.

"काचेच्या टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. हे काकांनी मला शंभरदा ऐकवलंय. इथे साध्या पाण्याला कुणी शिवलेलं नाही. खारं पाणी कमी झालं म्हणून कुणीतरी रोज खारंच ओतलंय. ते काका नव्हते."

"पण ओतायचं कशाला?"

"या कॅमेऱ्यासाठी. पाणी खाली गेलं असतं तर मी विचारलं असतं. मासाही त्याचसाठी आणला, मला सगळं छान वाटावं म्हणून. आणि तो मेसेज! नायट्रेट शून्य कसं असेल? सगळं विष सरलं तर शेवटी नायट्रेट उरतंच, तीच तर खूण. शून्य म्हणजे चांगलं, असं ज्याला वाटलं त्याने तो लिहिला."

"हा मुलगाही लिहू शकतो," बाई म्हणाल्या.

"हो. पण दादा म्हणाला, मला काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिलं." ती डॉक्टरकडे वळली. "तिन्ही नळ्या नितळ? काही नसलं तरी एक पिवळी होते, एक निळी होते. नितळ नळी कधी नसतेच. तुम्ही काकांना पाणी तपासताना एकदाही पाहिलेलं नाही."

डॉक्टरच्या खिशातला हात हलला. बाईंनी मनगट धरून तो बाहेर ओढला. मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता.

"काका कुठेत?" चिमी ओरडली. मग तिचं तिलाच आठवलं. "एक्स-रे! मशीन बिघडलंय म्हणालात. मग दारावरचा लाल दिवा कशाला लावलात? कुणी आत जाऊ नये म्हणूनच ना?"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसला.

"मी ढकललं नाही," तो म्हणाला. "म्हणजे… मुद्दाम नाही. मी पैशांसाठी चांगले दात उपटतो असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. तक्रार करणार म्हणाले. मी हात धरला, ते पडले. पाय मोडला. हॉस्पिटलात नेलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. मग गुंगीचं औषध देत राहिलो. मला त्यांना मारायचं नव्हतं हो."

"आणि सोडायचंही नव्हतं," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

दादा केव्हाच जुडगा हिसकावून जिन्याने धावला होता. चिमी त्याच्या मागे. एकही किल्ली लवकर लागेना. दादा रडत होता आणि कुलपाला शिव्या देत होता.

दार उघडलं. बिनखिडकीची खोली, कोंदट वास, आणि रोग्याच्या खुर्चीवर पांघरुणाखाली काका. एवढेसे झालेले. चिमीने त्यांच्या नाकापाशी हात धरला. श्वास लागतोय की नाही ते तिला कळेना.

"बाबा," दादा गुडघ्यांवर बसला. "बाबा, घर नको मला."

काकांच्या पापण्या हलल्या. नजर कितीतरी वेळ इकडेतिकडे फिरली आणि चिमीवर येऊन थांबली. ओठ सुकून चिकटले होते. तिने कान जवळ नेला.

"पेशंट," ते म्हणाले, "कसा आहे?"

बाहेर इन्स्पेक्टर बाईंनी बोलावलेल्या अँब्युलन्सच्या माणसांची पावलं ऐकू येत होती. चिमीने काकांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि इतक्या वेळचं रडू तिला एकदम फुटलं.

"आकडे वाईट आहेत, काका," ती म्हणाली. "पण वाचेल."