कडू खळ

भांड्याचं झाकण खडखडलं. बूयिनने धावत खळ उतरवली, तेवढ्यात लेकीचं बोट आत गेलंच.

"शी! कडू!" मेई थुंकली.

"साल उकळलीय त्यात. मुंग्या लागू नयेत म्हणून."

श्यामेन बंदरातल्या जकात नाक्यावर अफूच्या पेट्यांना कागदी मोहर लावायची, ती याच खळीने. लावायचा बूयिनचा नवरा, तिआन. काल लिम दलालाच्या वखारीत एक पेटी उघडली, तर दोन गोळे कमी. मोहर मात्र उघडेपर्यंत अखंड होती. म्हणजे मोहर लावण्याआधी तिआननेच चोरले, असं गोऱ्यांच्या वकिलातीने ठरवलं. चोरांच्या नाक्याला जकात देणार नाही, म्हणाले. भांडण मिटवायला नाक्याच्या अंमलदाराने तिआनची हद्दपारी ठरवली. उद्याच.

"चल, वखार बघू," दारातून आवाज आला. खाजगी तपास करणारे को काका, मागे त्यांचा पुतण्या आपिंग. मेईला कडेवर घेऊन बूयिन निघाली.

वखारीचा पहारेकरी ओंग कुरकुरला, "इथली किल्ली माझ्याकडेच असते. पण लिमशेठ मागतात, तेव्हा देतो. नाही कसं म्हणू?"

"आणि या मुंग्या?" काकांनी उघडलेल्या पेटीकडे बोट दाखवलं.

"कालपासून. याच पेटीवर चढतात मेल्या."

कमरेच्या किल्लीने लिमने आपली खोली उघडली. "म्हातारबा, मोहर अखंड होती. उगाच वेळ घालवताय."

टेबलावर चहाच्या डब्यांवर चिकटवायचे कागद होते. खळीची वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवलेली.

"किती टापटीप!" आपिंग म्हणाला.

काकांनी अंमलदाराला तिथेच बोलावलं.

"साहेब, नाक्याची खळ कडू असते. बाकीच्या पेट्या बघा, एक मुंगी नाही. या मोहरेखाली मैद्याची गोड खळ आहे. म्हणजे वाफ देऊन ती सोडवली, गोळे काढले आणि पुन्हा चिकटवली. तिआनने लावल्यानंतर."

"कुणी?"

"वाटी पाण्यात कोण ठेवतं? ज्याची खळ मुंग्या खातात तो. आणि या खोलीची किल्ली एकाच कमरेला आहे."

आपिंगने जीभ चावली.

लिमने कमरेची किल्ली टेबलावर टाकली. "गोऱ्या शेठला जकात द्यायची नव्हती. नाका बदनाम कर, म्हणाला."

संध्याकाळी तिआन सुटला. घरी न येता आधी नाक्यावर गेला. नव्या पेट्या उतरल्या होत्या. बूयिन खळीचं भांडं घेऊन पोचली. मेई पेटीवर वाकून वास घेत होती.

"बाबा, हे पण कडू असतं?"

"खूप."

तिने आईकडे पाहिलं. "कडू तर मुंग्यापण खात नाहीत. मग माणसं का खातात गं?"

बूयिन खळ ढवळत राहिली.