ताईची गिटार ऐकू येऊ लागली तेव्हा

पटलं तर घ्या. मी स्वतः तालमीच्या त्या खोलीत होते. भर दुपार होती. खिडक्या उघड्या, ऊन फरशीवर लोळत पडलेलं.

माझी ताई गिटार वाजवते. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि ती, असा पाच जणांचा वाद्यवृंद. गजाने वाजणाऱ्या त्या चार वाद्यांपुढे गिटार म्हणजे गर्दीत आईला हाक मारणारं लेकरू.

तिला सांभाळायचे चेलोकाका. कुणी जोर केला की आपल्या गजाचं टोक त्याच्या मनगटाला हळूच टेकवायचे. "पोरीचं ऐकू येऊ द्या की रे!"

काका गेले. झोपेतच.

त्यांच्या जागी आला तो दांडगा गडी. ताई पार बुडाली.

त्या दुपारी व्हायोलिनवाले मास्तर स्पष्टच बोलले, "राग मानू नकोस बाई. आजही ऐकू आली नाहीस, तर तुझ्या जागी पियानो घेतो."

"वाजवू तर द्या," ताई म्हणाली.

सुरू झालं. चेलो गरजला, गिटार गडप.

आणि मग...

चेलो मावळला. मग व्हायोला. मग दोन्ही व्हायोलिन.

गज तसेच चालत होते. घामही तसाच. आवाज मात्र दूर दूर गेला...

आणि गिटार लख्ख. पानावरून थेंब ओघळावा तसा एकेक सूर.

संपल्यावर नवा चेलोवाला मनगट चोळत म्हणाला, "मला टोचत कोण होतं?"

त्याच्यामागे नुसती भिंत.

"टोचतंय कसलं! अक्कल आली म्हण," मास्तर म्हणाले. सगळे हसले.

ताई मात्र रडत होती. "काका आले होते गं."

मलाही ते गोडच वाटलं. खोटं कशाला बोलू?

ताई माझ्याकडेच राहते. त्या दिवसापासून ती रियाजाला बसली, की पंख्याची कुरकुर थांबायची. पंखा मात्र फिरत असायचा. नळ वाहायचा... मुका.

परवा संध्याकाळी ती आत वाजवत होती. मी भांडी लावत होते. घर कसं शांत, शांत...

सहज पाळण्यात डोकावले.

माझी तान्ही लालबुंद झाली होती. मुठी आवळलेल्या, तोंड उघडं, उशी भिजलेली.

ती रडत होती. कधीपासून, कोण जाणे.

आवाज नव्हता.

"ताई, थांब!" मी ओरडले.

माझं मलाच ऐकू आलं नाही.

धावत जाऊन तारांवर हात दाबला... आणि पोरीचा टाहो घरभर फुटला.

"अगं, काय झालं?" ताई दचकली.

"काही नाही. भूक लागलीय तिला."

कसं सांगू? जन्मात पहिल्यांदा ताईचं कुणी ऐकतंय. कार्यक्रम तोंडावर आलाय.

आत्ताही ती गिटार जुळवतेय. पोर माझ्या मांडीवर झोपलीय. मी तिच्या ओठांवरून नजर हलवत नाही.