उसना खापरपणजोबा

तो मोबाइल पालथा घाल पाहू, उजेड डोळ्यांत जातो माझ्या. आणि सूनबाई, तुम्ही दाराकडे पाठ करून बसलात होय? बसा, बसा. मला काय, पाठ तुमची आहे.

मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. रचून सांगायला डोकं लागतं, ते माझ्याकडे नाही. घडलं तेवढंच सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

गल्लीच्या तोंडाशी फोटोला फ्रेम करून देणारा आहे ना, चौकट्या, त्याच्या घरची गोष्ट. चौकट्या हे नाव मी ठेवलेलं. आता त्याची बायकोसुद्धा तीच हाक मारते, त्यामुळे खरं नाव त्याचं त्यालाही आठवत नसेल.

एके दिवशी सकाळी त्याचा साडू दुकानात आला. बगलेत कागदाची गुंडाळी.

"साडूभाऊ, एवढी फ्रेम करून द्या. घरचंच काम आहे."

घरचं म्हणजे फुकटचं, हे कुठल्याही साडूला शिकवावं लागत नाही. मी तिथेच स्टुलावर बसून चौकट्याचा चहा पीत होतो. गुंडाळी उलगडली, तर आत वंशावळ. वर नांगर धरलेला एक मिशाळ शेतकरी, साडूचा खापरपणजोबा. पंचवीस एकरांचा धनी, असं खाली झोकात लिहिलेलं. त्याच्याखाली फांद्यांवर फांद्या उतरत आलेल्या, आणि अगदी शेवटी एक हिरवं पान. त्यावर साडूच्या लेकीचं नाव.

"हे पान तेवढं नीट दिसू द्या हं," साडू म्हणाला. "सगळं झाड त्याच्यासाठीच तर काढलंय."

चौकट्या हसला. त्याचं ते हसू मला ठाऊक आहे. पाचर ठोकल्यासारखं असतं.

त्याला मूलबाळ नाही. लग्नाला वर्षं उलटली, डॉक्टर झाले, औषधं झाली, मग दोघांनी तो विषयच बोलायचा बंद केला. साडूची पोर सुट्टी लागली की मावशीकडे येते. दुकानात लाकडाच्या भुश्यात बसून "काका, हे काय, काका, ते काय" करत त्याचं डोकं खाते. ती परत गेली की दुसऱ्या दिवशी दुकान बंद. का रे बाबा, विचारलं तर म्हणतो, काच संपली.

तर त्या वंशावळीला त्याने आतली पुठ्ठ्याची पट्टी कापली. मी बघत होतो. पट्टी अशी कापली होती की हिरवं पान बरोब्बर तिच्याखाली झाकलं जावं. मी म्हटलं, "चौकट्या, माप चुकलं वाटतं?" त्याचे कान लाल झाले. पट्टी फेकून त्याने दुसरी कापली.

पण त्या दिवसापासून त्याला एक किडा चावला. आपल्या झाडाला पान नाही तर नाही, मूळ तरी साडूपेक्षा जाड पाहिजे!

आत्याच्या ट्रंकेतून त्याने आजोबांचा शाळेचा दाखला काढला. त्यावरून पणजोबांचं नाव. मग गावाकडच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पालथ्या घातल्या, तिथून खापरपणजोबाचं नाव आणि त्याच्या बापाचं. तेवढं घेऊन स्वारी जमिनीच्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत. एकटं जायला भीती वाटते म्हणून मला घेऊन गेला. मी काय, पंख्याखाली झोपायला कुठेही येतो.

तिथल्या कारकुनाने शेदीडशे वर्षांपूर्वीची वही झटकून समोर ठेवली. मी झोपेतून शिंकतच उठलो.

"तुम्ही म्हणता त्या नावाचे दोन निघतात," कारकून म्हणाला. "बापाचं नावही तेच. एकाच भावकीतले असणार. शेताला शेत लागून. हा पहिला, अर्धा एकर, तोही खडकाळ. पोरं सहा. तुमचा पणजोबा यातच सापडतोय, धाकटा."

"आणि दुसरा?"

"दुसरा बडा माणूस. साठ एकर, दोन विहिरी. पण त्याच्यापुढे लिहिलंय, मागे कोणी नाही."

चौकट्याचं बोट साठ एकरांवरून हलेना.

"माझा हाच," तो म्हणाला.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "अहो, याला मूल नव्हतं. मग तुम्ही कुठून उगवलात?"

"लिहिणाऱ्याची चूक झाली असेल. आणि आता विचारायला कोण येतंय?"

कारकून हसला. मीपण हसलो. हसणाऱ्यांत मी होतो, हे विसरू नका.

झालं. चौकट्याने स्वतःची वंशावळ काढून घेतली. वर साठ एकरवाला, खाली पणजोबा, आजोबा, बाप आणि टोकाला स्वतः. दुकानातली सर्वांत जाड सोनेरी पट्टी तिला लावली. बाहेरच्या खोलीत पलंगाच्या वर भिंतीला ठोकली. रविवारी सकाळी साडूला सहकुटुंब चहाला बोलावलं.

चौकट्याची बायको, आमची वहिनी, म्हणाली, "दुसऱ्याचा आजा आणून टांगलात. उद्या दुसऱ्याची बायको आणाल."

"तुझ्यासारखी भांडणारी मिळायला हवी ना," तो म्हणाला. खुशीत होता.

पोर आदल्या दिवशीच आली. डिसेंबरातला शेवटचा शनिवार होता तो. मरणाची थंडी, आभाळात चंद्र नाही. मावशी आत झोपली. पोरीने बाहेरच्या खोलीत झोपायचा हट्ट धरला, म्हणून ती पलंगावर आणि खाली गादी टाकून चौकट्या. बाराच्या सुमाराला वीज गेली.

आणि दारावर थाप पडली. एकच.

झोपेच्या भरात चौकट्याला वाटलं, मीच. वाटणारच, रात्री दारं वाजवून लोकांना घाबरवायची माझी ख्यातीच आहे! त्याने पांघरुणातूनच सांगितलं, "म्हातारबा, झोपा की जाऊन. थंडी बाधेल."

आता माझं ऐका. त्या रात्री मी दवाखान्यात पालथा पडलेला होतो. मूळव्याधीचं ऑपरेशन. हसू नका, सूनबाई. नर्सला विचारा, तिला मी चांगला लक्षात असेन.

तर चौकट्या म्हणाला, जा आता... आणि उत्तर आलं.

दाराबाहेरून नाही. खोलीतून.

"आलो की."

आवाज म्हातारा होता. समाधानी. खूप चालून घरी पोचलेल्या माणसाचा असतो तसा.

चौकट्या उठून बसला. अंधारात काही दिसेना. फक्त वास आला. नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा. आमची गल्ली सगळी सिमेंटची, मातीचा वास येणार कुठून?

"कोण... कोण आहे?"

"तूच बोलावलंस. वर लावलंस मला. माझ्याखाली माणसं लिहिलीस."

एक हात त्याच्या खांद्यावर आला. मांसातून हाड चाचपत मानेपर्यंत गेला. बाजारात बैल बघतात तसा.

"खांदा बरा आहे," आवाज म्हणाला. मग हळूच... "त्याला सहा होती."

"कोणाला?"

"शेजारच्याला. अर्धा एकर खडक आणि पोरं सहा. रोज माझ्या बांधावरून ओरडत जायची. मी विहिरीवर बसायचो... आणि मोजायचो. रोज सहाच भरायची."

चौकट्या मला म्हणाला, भीती होतीच, पण खरं सांगू का, त्या क्षणी मला त्याची कीव आली. तो काय बोलतोय ते मला कळत होतं. मीही मोजत आलोय.

"आता बघू दे म्हणावं त्याला," आवाज म्हणाला. "आता माझीही आहेत."

पलंग करकरला.

पोर झोपेत कुशीवर वळली होती. की कोणी वळवली होती?

हात आता चौकट्याच्या खांद्यावर नव्हता.

"ही कुणाची?"

चौकट्याने चाचपडत पलंगाची कड धरली.

"ही... कुणाची?"

साडूची, म्हणायचं होतं. एका शब्दाचं उत्तर. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. पण त्याला दिसलं ते हिरवं पान. आणि मग भुश्यात बसलेली पोर. "काका, हे काय?" इतकी वर्षं एक शब्द त्याने गिळून ठेवला होता. दुकानात गिऱ्हाईक कौतुकाने विचारायचं, मुलगी का तुमची, तेव्हासुद्धा तो गिळायचा.

अंधार होता. साडू नव्हता. बायको नव्हती.

"माझी," चौकट्या म्हणाला.

...

"बरं झालं," आवाज म्हणाला.

मग काही नाही.

वीज आली. दाराची कडी आतून लागलेली होती. पोर शांत झोपली होती, तोंड किंचित उघडं. चौकट्याने भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपटले, कागदाचे तुकडे केले. उजाडेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिला.

सकाळी साडू आला. "कुठाय तुमचा साठ एकरवाला?"

"तो आमचा नव्हता," चौकट्या म्हणाला. "आमचा अर्ध्या एकराचा."

साडू खूश झाला. दोनदा चहा मागितला. त्याची बायको लेकीची वेणी घालायला बसली. केस मागे ओढले, आणि वहिनीच्या हातातला कप तसाच राहिला.

पोरीच्या डाव्या कानाच्या पाळीला खाच होती. तिकोनी, कातरीने काढावी तशी. रक्त नाही, खपली नाही. जुनी, भरून आलेली. पूर्वी सगळ्यांची गुरं एका कुरणात चरायला जायची, तेव्हा आपलं जनावर ओळखू यावं म्हणून मालक त्याच्या कानाला अशी खाच पाडायचा. ज्याची त्याची वेगळी.

"हे... हे कधी लागलं हिला?" चौकट्याने विचारलं.

"असं काय करता भावोजी?" मेहुणी हसली. "जन्मापासूनच आहे की ते." तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. दुपट्यातली तान्ही पोर. डावा कान. खाच.

मी दवाखान्यातून सुटलो तो तडक त्यांच्याकडे गेलो. या पोरीच्या कानामागून गोळी काढून दाखवायचा माझा जुना खेळ. शंभरदा केला असेल. नेहमी डावाच कान, कारण माझा उजवा हात सफाईदार. ती पाळी मी या दोन बोटांत धरलेली आहे. अख्खी होती.

"आजोबा, काढा ना गोळी," ती म्हणाली आणि केस मागे सारून कान पुढे केला.

मी हात नेला. बोट त्या खाचेत बसलं.

गोळी माझ्या मुठीतच राहिली.