दहा हजारांतले नव्वद

"बादलीत मणी किती, सांग," नारूमामा म्हणाला.

ऋजुता वाकली. मामा बोटाने पाणी ढवळत होता. तळाशी काहीतरी लाल लखलखत होतं. "एक."

"हरलीस!" मामाने हात काढला. पाणी थांबलं. तळाला दोन मणी, एकमेकांना खेटून.

"चीटिंग! तू ढवळत होतास!"

"मग हवा काय वेगळं करते?"

ऋजुताने पडद्याकडे पाहिलं. तिचं घोडं तिथेच अडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, २०१८ साली, अण्णाआजोबांनी वहीत लिहिलं होतं: जोडतारा (एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे). लहान तारा मोठ्याच्या दक्षिणेला. पुढे कुणालाच तो दुसरा तारा दिसला नाही. आज दुपारी बारापर्यंत पुरावा गेला नाही, तर अण्णांचा तारा जोडताऱ्यांच्या यादीतून कटणार होता. टेकडीवरच्या दुर्बिणीने काल दहा हजार फोटो काढले होते. तिने ते एकत्र केले, तर पडद्यावर एकच ठिपका, पाकात फुगलेल्या बुंदीसारखा.

"किती फोटो घेतलेस?"

"सगळे! आजी म्हणते ना, ताटात काही टाकायचं नाही."

मामा खो खो हसला. "अगं, ताटातलं नको टाकू, फोटो बिनधास्त टाक! एकेक फोटो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा. हवा ताऱ्यांचा उजेड सारखा ढवळते, पण मधूनच क्षणभर गप्प बसते. तेव्हाचे फोटो तेवढे ठेव."

वेधशाळेचा यंत्रमानव फोटो निवडायला बसला. "नव्वद पास. नऊ हजार नऊशे दहा नापास. मलाच कसंतरी होतंय."

ऋजुताने ते नव्वद नीट एकावर एक बसवले. ठिपके दोन!

तिने उडी मारली, आणि तिचा चेहराच पडला. "मामा, छोटा तर पूर्वेला आहे. अण्णाआजोबा चुकले?"

आता मामा हसला नाही. "चाळीस वर्षं तो एका जागी उभा राहील?"

ऋजुताने हवेत बोट फिरवलं. दक्षिण... पूर्व... "पाव फेरी झाली! म्हणजे पूर्ण फेरीला एकशे साठ वर्षं?"

"अंदाजे. दोनच मापांवर पैज नको लावू, मी अशा खूप हरलोय. पण दोघांमधलं अंतर आणि दिशा मोजत राहिलं, की फेरी पक्की कळते. आणि ते आपल्यापासून किती लांब आहेत हे कळलं, की त्यांचं वजनसुद्धा काढता येतं."

बाराला वीस कमी असताना पुरावा गेला. अण्णांच्या ओळीखाली ऋजुताने लिहिलं, '२०५८: पूर्व.' थोडं थांबून आणखी एक ओळ, '२०९८: उत्तर?'

"तेव्हा मी एक्कावन्नची असेन."

"म्हणजे माझ्याएवढी," मामा म्हणाला. "अण्णांनी मोजलं तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. बॅटरी धरून उभा." त्याने बादली तिच्या हातात दिली. "ही जपून ठेव. तेव्हा कुणाला तरी फसवायला लागेल."